दादाचा लॅक्टेट आणि माझा

माझ्या सख्ख्या भावानं मला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी त्याच्यासाठी हळहळत बसायला नको. तो मरणाच्या दारातून परत आलेला माणूस आहे, आणि आपल्याकडे आजारी माणसाला सात खून माफ असतात. मीही दहा-अकरा महिने माफच करत होते, फक्त काय माफ करतेय ते मला ठाऊक नव्हतं.

मी सौंसरला एका लहानशा लॅबमध्ये काम करते. वीस वर्षं झाली. साखर, हिमोग्लोबिन, मलेरियाची स्लाइड, काविळीची तपासणी, एवढाच आमचा पसारा. डॉक्टर संध्याकाळी येऊन सह्या करून जातात, दिवसभर लॅब माझ्यावर असते. लोधीखेडा, रामाकोना, मोहगाव, सगळीकडून माणसं येतात आणि मला लॅबवाली बाई म्हणतात. माझं खरं नाव निम्म्या गावाला माहीत नसेल. माझा एक नियम मात्र सगळ्यांना माहीत आहे आणि त्यापायी मी बदनामही आहे. मी तोंडी रिपोर्ट देत नाही आणि तोंडी रिपोर्ट घेतही नाही. कोणी म्हणालं की बाई, मागच्या बारीला साखर दोनशे होती, तर मी म्हणते, कागद दाखवा. माणूस खोटं बोलतो असं नाही, पण त्याला हवं तेवढंच त्याच्या लक्षात राहतं.

दादा पांढुर्ण्याला असतो. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. संत्र्याची बाग, थोडा कापूस, गावात मान. दारूला कधी शिवला नाही, तरी त्याचं लिवर गेलं असं कळल्यावर लोकांनी डोळे मिचकावले. साखर आणि चरबी यांनीही लिवर सडतं हे कोणाला सांगून पटत नाही. पहिली शंका मलाच आली होती. पाय सुजले म्हणून तो सहज रक्त द्यायला आला आणि त्याच्या प्लेटलेट निम्म्या निघाल्या. मीच त्याला नागपूरला पाठवलं. तिथं सहा महिने गोळ्या, पोटातलं पाणी काढणं, दोनदा बेशुद्ध पडणं, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की घरच्या कोणी लिवरचा तुकडा दिला तर तो वाचेल.

घरचे म्हणजे कोण? वहिनीला साखर, तिचं जमेना. राहिला माझा भाचा, पंचविशीतला, दादाचा एकुलता एक मुलगा. त्याच्या तपासण्या झाल्या. एका दुपारी वहिनीचा फोन आला, रडत होती. पोराचं लिवर फॅटी निघालं, डॉक्टर नाही म्हणाले. पोरगा एका पायावर तयार होता हो, पण नशीब. मला ते लगेच पटलं. पोरगं अंगानं भरलेलं, सकाळी सामोसा आणि संध्याकाळी कचोरी. मी उलट वहिनीलाच धीर दिला आणि म्हटलं, रडू नका, मी आहे ना.

आमचे हे नगरपालिकेत नोकरीला आहेत. कमी बोलतात. लग्न झालेल्या बाईला लिवर द्यायचं तर तिथं नवऱ्याचीही संमती घेतात. यांनी सही केली, पण त्याआधी एकदाच विचारलं, पोराचा रिपोर्ट तू पाहिला का? मी अंगावर गेले. माझ्या भावावर संशय घेता? तो तिकडे मरून राहिला आणि तुम्हाला कागद पाहिजेत? यांनी पेन उघडलं. वीस वर्षं परक्या लोकांकडे कागद मागणारी मी, माहेरच्या माणसांकडे मागायची मला लाज वाटली. कोणत्याही बाईला विचारा, तिलाही वाटली असती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई भेटायला आल्या. मी लॅबवाली आहे हे कळल्यावर त्या खुलल्या. उद्या तुमच्या आणि भावाच्या रक्तातला लॅक्टेट आम्ही तासातासाला बघणार, म्हणाल्या. लॅक्टेट मला नावापुरता माहीत होता. आमच्याकडे तो होत नाही. रक्त काढून नळी टेबलावर पडून राहिली तर आतल्या आत आकडा वाढत जातो, त्यामुळे त्याला यंत्र अगदी उशाशी लागतं. त्यांनी मला सोपं करून सांगितलं. शरीर चालू आहे तोवर लॅक्टेट तयार होतोच, घरात केर होतो तसा, आणि लिवर तो झाडून काढतं. झाडणारी बाई धडधाकट असली की केर कोणाच्या नजरेसही पडत नाही. तिला अर्धी केली की मग कोपऱ्यात किती साठला ते घडीघडी बघावं लागतं. एक-दीड असला तर उत्तम. लिवर कापल्यावर चार-पाच झाला तरी लगेच घाबरायचं नाही, पण नंतर तो उतरला पाहिजे.

"आकडा किती आहे त्यापेक्षा तो कुठे चाललाय ते बघायचं," त्या म्हणाल्या. मला ते वाक्य आवडलं होतं. घरी गेल्यावर आपल्या पेशंटना सांगायचं असं मी ठरवूनसुद्धा टाकलं.

माझं उजवं लिवर काढलं, म्हणजे दोन वाटे त्याला आणि एक वाटा मला. उरलेलं वाढतं, दोन-तीन महिन्यांत पुष्कळ भरून येतं, हे सगळं समजावलं होतं. शुद्ध आली तेव्हा काचेत ऊन होतं, दुसरा दिवस उजाडला होता. पोटावर कोणी जातं ठेवलंय असं वाटत होतं. डाव्या मनगटात बारीक नळी होती आणि एक सिस्टर तिच्यातून रक्त ओढत होती. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसला. माझा घसा कोरडा ठाक पडलेला, तरी मी म्हटलं, बुडबुडा काढा आधी. ती बैतूलकडची मुलगी, हिंदी बोलणारी, खूप हसली. पहिल्यांदाच पेशंटनं मला कामाला लावलं, म्हणाली.

मग ती यंत्राची चिठ्ठी घेऊन आली आणि मी हात पुढे केला. द्यायची पद्धत नव्हती, पण तिनं दिली. लॅक्टेट पाच पॉइंट चार. मी विचारलं, आधीचा किती होता? ऑपरेशन संपताना चार पॉइंट सहा, मघाचा पाच. म्हणजे वर चालला होता. मला अक्कल नसती तर बरं झालं असतं.

पुढचा पाच पॉइंट आठ आला. माझ्या पायाशी तीन डॉक्टर उभे राहिले. हळू बोलत होते, पण मला सगळं कळत होतं. आत कुठे रक्त झिरपतंय का, उरलेल्या तुकड्याकडे रक्त नीट जातंय का, पुन्हा पोट उघडावं लागेल का. सोनोग्राफीचं यंत्र आणून पोटावर फिरवलं. सलाईन वाढवलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई माझा हात धरून म्हणाल्या, दोन तास वाट बघू. मी मोठ्या मुलीचा विचार केला, मग धाकटीचा. धाकटीची दहावी होती. तिच्या परीक्षेच्या दिवसांत मी मेले तर ती पेपर कसे देईल, एवढंच डोक्यात फिरत होतं. देवाचं नाव सुद्धा आलं नाही तोंडात.

काचेच्या पलीकडच्या खोलीत दादा होता. त्याला अजून जाग आणली नव्हती. मी सिस्टरला विचारलं, त्यांचा किती? तिनं सांगितलं, नवीन लिवर बसवलं तेव्हा नऊ पॉइंट दोन होता, मग सहा, मग तीन पॉइंट तीन, आता दोन पॉइंट दोन. माझा तुकडा त्याच्या पोटात जाऊन झटक्यात झाडू घेऊन उभा राहिला होता. इकडे उरलेला धापा टाकत होता. आणि मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला. पाच पॉइंट आठ अंगावर घेऊन मी पडल्या पडल्या खूश झाले, की बघा, आमच्या घराण्याचं लिवर किती कामाचं आहे. माझ्यासारखी मूर्ख बाई मी पाहिली नाही.

सिस्टर गमतीनं म्हणाली की बाहेरून दर तासाला विचारणा होते, भाऊसाहेबांचा नंबर किती झाला म्हणून. सगळा व्हरांडा तुमच्याच लोकांनी भरलाय. मी विचारलं, माझा कोणी विचारतं का? ती म्हणाली, विचारतात ना, एक जण येतात, चष्मेवाले. ते आमचे हे.

माझा आकडा दुपारनंतर वळला. पाच पॉइंट एक, मग तीन पॉइंट नऊ. दुसऱ्या दिवशी दोन पॉइंट चार आणि त्याच्या पुढच्या दिवशी एक पॉइंट सात. पोट पुन्हा उघडावं लागलं नाही. प्रत्येक चिठ्ठी मी मागून घेतली आणि उशीखाली ठेवली. घरी आल्यावर वहीत चिकटवल्या. परक्यांच्या रक्ताचे हजारो कागद माझ्या हाताखालून गेले होते, माझे स्वतःचे एवढे कधी नव्हते.

बऱ्याच दिवसांनी, उठता-बसता येऊ लागल्यावर, मी मोबाईलवर माहेरचा ग्रुप मागे सरकवत सरकवत त्या दिवसापर्यंत गेले. भाच्यानं तासातासाला बापाचा आकडा टाकला होता. बाबांचा सहा. बाबांचा तीन पॉइंट तीन. प्रत्येकाखाली हात जोडलेली चित्रं, फुलं, देवाचे फोटो. मध्ये एका ठिकाणी यांचा मेसेज होता, "हिचा पाच पॉइंट आठ आहे. डॉक्टर पाहत आहेत." त्याखाली एका काकूनं लिहिलं होतं, काळजी घ्या. आणि लगेच खाली भाच्याचा, बाबांचा दोन पॉइंट दोन! मग चाळीस माणसं हात जोडून उभी. वहिनीनं त्या दिवशी व्हरांड्यात पेढे वाटले होते, हेही मला तिथूनच कळलं. थोडं टोचलं. पण मी स्वतःला समजावलं की तो जास्त आजारी होता, त्याचीच काळजी जास्त असणार, आणि मोबाईल ठेवून दिला.

दिवाळी आली. भाऊबिजेला मी पांढुर्ण्याला गेले. दादा पाटावर बसला, तोंडावर तेज आलेलं, पायांची सूज नावाला नाही. मी ओवाळलं. त्यानं साडी दिली आणि भरल्या घरात म्हणाला, "या बाईनं मले जीव देला. सात जन्म फिटनार नाही." सगळ्यांचे डोळे पाणावले. भाचा पाया पडला, आत्या, तुझ्यामुळे माझे बाबा आहेत, म्हणाला. मी त्याला उठवून मिठी मारली आणि वर सांगितलं, सामोसे कमी कर रे बाबा, लिवर सांभाळ. तो हो म्हणाला. हो म्हणताना त्याचा चेहरा कसा होता ते मी किती वेळा आठवायचा प्रयत्न केला, आठवत नाही. मी बघितलंच नव्हतं. मी रडत होते.

संक्रांतीनंतर त्याच्या लग्नाचं जोरात सुरू झालं. मोहगावची एक मुलगी पसंत पडली होती. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस काढायचा तेवढा राहिला होता, आणि तिथंच गाडं अडलं. त्याचं असं झालं की वहिनीनं आपल्या पोराचा मोठेपणा सांगताना कुठे हात आखडता घेतला नव्हता. पोरगा बापाला लिवर द्यायला तयार होता, पण त्याचं फॅटी निघालं, असं ती नाव-गाव सांगितल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटली होती. ते रामाकोन्याला पोचलं, लोधीखेड्याला पोचलं आणि मोहगावलाही पोचलं. मुलीची आई अंगणवाडीत काम करणारी, चार अक्षरं शिकलेली, धीट बाई. ती म्हणाली, बापाचं लिवर चरबीनं गेलं आणि पोराच्याही लिवरवर चरबी आहे, तर माझ्या पोरीनं पंधरा वर्षांनी काय करायचं? तिच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. पण हे सगळं मला त्या वेळी माहीत नव्हतं. मला कळलं ते दादा लॅबमध्ये आला तेव्हा.

सकाळचे दहा वाजले असतील. उपाशीपोटी साखर द्यायला आलेल्यांची गर्दी नुकती ओसरली होती. दादा तोंडाला मास्क लावून, हातात फाईल घेऊन आला. मी घाबरले, म्हटलं काही त्रास होतोय का. तो म्हणाला, तब्येत फसकलास हाय. मग त्यानं मोहगावचं सगळं सांगितलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बाई, ते बारा वाजता इथं येऊन राहिले. पोरीची माय अन् मामा. तू त्याइले फक्त सांगून दे, का पोराचं लिवर चांगलं हाय. तुह्या शब्दावर त्याइचा विश्वास हाय."

मी म्हटलं, मी असं तोंडी कसं सांगू? कागद लागेल. तो उत्साहानं म्हणाला, हाय न, आणला न, आणि फाईलमधून भाच्याच्या पोटाच्या सीटीचा रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला.

एरवी मी रिपोर्ट हातात घेतला की आधी नाव, मग वय, मग तारीख बघते. त्या दिवशी आपल्याच पोराचा म्हणून मी थेट खालचा निकाल वाचला. लिवरवर चरबी नाही. उजवा भाग पुरेसा, डावा उरणारा भाग पुरेसा. रक्तवाहिन्या सरळ. मला खरंच आनंद झाला. वाटलं, पोरानं मनावर घेतलं, वजन उतरवलं, आत्याचं ऐकलं. मी दादाला म्हणणारच होते की वा, सुधारला की रे. मग नजर वर गेली. तारीख लिवर देण्याआधी झालेल्या माझ्या स्वतःच्या सीटीच्या बारा दिवस आधीची होती.

मी पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"दादा, हा त माह्या आधीचा कागद हाय."

तो हो म्हणाला. अगदी सहज हो म्हणाला, आणि मग कागद परत घ्यायला त्याचा हात घाईनं पुढे आला. मला हे माहीत नाही हेच तो विसरला होता. मला सगळ्यात जास्त लागलं असेल तर ते हे. माझ्या पोटावर कुऱ्हाडीच्या दांड्याएवढी खूण आहे, आणि ज्या खोट्यामुळे ती पडली ते त्याच्या आठवणीतसुद्धा राहिलं नव्हतं. केसानं गळा कापायचा तर कापणाऱ्याला निदान आठवण तरी असावी.

मी लॅबचं दार लोटून घेतलं. विचारलं, कोणी ठरवलं हे? मनात एकच होतं, त्यानं वहिनीचं नाव घ्यावं. वहिनी परक्या घरून आलेली, आई आहे, तिनं पोराला वाचवलं, एवढं मी गिळलं असतं. तो बेशुद्धीत होता, त्याला काही माहीत नव्हतं, असं काहीही त्यानं सांगितलं असतं तरी मी मानलं असतं. कागदसुद्धा मागितला नसता.

"मीच म्हटलं नाही करायचं," तो म्हणाला. "पोराले कापायचं म्हटलं त माह्या हातापायातला जीव गेला. अन् लग्न व्हायचं हाय त्याचं. पोटावर एवढा चिरा असलेल्या पोराले कोन पोरगी देईन?"

"अन् मी?"

"तुह्यं त सारं होऊन गेलं होतं न बाई."

हे तो वाईट बुद्धीनं बोलला नाही. संत्र्याचा तोडा होऊन गेलेल्या बागेबद्दल माणसं बोलतात, तसं बोलला. लग्न झालं, दोन पोरी झाल्या, आता या बाईच्या पोटाचं काय काम राहिलं? मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. धाकटीची दहावी व्हायची होती. मोठीला नर्सिंगला घालायचं होतं. यांच्यासोबत कुठेतरी लांब फिरायला जायचं पंधरा वर्षांपासून ठरत होतं. हे सगळं मी त्याला सांगणार होते आणि तोंडातून भलतंच निघालं. मी त्याला विचारलं, माझा लॅक्टेट किती झाला होता तुला माहीत आहे का?

तो म्हणाला, कधी? डॉक्टर मले म्हणे सगळं बढिया हाय. मी सांगितलं, पाच पॉइंट आठ. त्यानं खरोखर विचारलं, ते जास्त असते का? स्वतःचा नऊ पॉइंट दोन त्याला पाठ होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, नऊवरून दोनवर आणला डॉक्टरनं. कोणाच्या लिवरनं आणला ते वाक्यात नसायचं, पण ते मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

मी म्हटलं, मला सांगून मागितलं असतं तरी मी दिलं असतं. आणि हे खरं आहे. माझ्या पोरीनं देते म्हटलं असतं तर मीसुद्धा तिला दारातून ओढून मागे केलं असतं. मग सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं असतं, की पोरीचं देणार नाही, माझं घ्या. त्यानं एवढंच करायचं होतं. फोन करून म्हणायचं होतं, बाई, पोराचं जमतं पण माझा जीव होत नाही, तू देते का? मी रडले असते, चिडले असते, आणि दिलं असतं.

"अन् तू पोराचं नाव घेतलं असतं त?" तो म्हणाला.

म्हणजे विचार झाला होता. कुठेतरी बसून, चहा पीत, तिघांनी माझा विचार केला होता. ती असं म्हणाली तर काय, तसं म्हणाली तर काय. फॅटी लिवर सांगू, ती लॅबवाली आहे, तिला लगेच पटेल. आणि मला पटलं. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाला सांगायचं? आमच्या ह्यांना मी काय तोंड दाखवू, हेही माझ्या मनात आलं. त्यांनी त्या दिवशी कागदाबद्दल विचारलं होतं आणि मी त्यांना दोन दिवस जेवायला नीट वाढलं नव्हतं.

बाराला दहा मिनिटं असताना मोहगावची माणसं आली. मुलीची आई आणि तिचा भाऊ. मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत मास्क वर ओढून बसला होता. बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, फक्त म्हणाला, ही माही बहीण, हिलेच विचारा. त्याला अजूनही खात्री होती. सारं ऐकल्यावरही मी त्याचं काम करीन याची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती.

मी रिपोर्ट त्या बाईसमोर ठेवला. बोट ठेवून एकेक ओळ समजावली. हे पाहा, चरबी नाही. हा उजवा भाग, हा डावा. मुलाचं लिवर उत्तम आहे, तुमच्या मुलीला त्या बाबतीत काही धोका नाही. यात एक अक्षर खोटं नव्हतं. पोरीनं ऐकीव गोष्टीवर चांगलं स्थळ सोडावं असं मला वाटत नव्हतं. मुलीच्या मामानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि दादाही खुर्चीत जरा सैल झाला.

ती बाई मात्र कागदाकडेच बघत होती. तिनं तारीख वाचली. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या पदराखाली जिथं ती खूण असणार तिथं पाहिलं, आणि दादाकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं.

"पोराचं लिवर एवढं चांगलं होतं, मग ताईनं काऊन देलं?"

मामा बूट पाहू लागला. दादानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची आहे. काहीतरी बोल, सांभाळून घे, मीच हट्ट केला म्हण, असं ती म्हणत होती. हे वाक्य माझ्या जिभेवर तयारही होतं. मीच हट्ट केला हो, मीच म्हटलं भाच्याला नको. माहेरचं नाव राहिलं असतं, पोराचं लग्न झालं असतं, आणि माझ्या लिवरचे दोन वाटे गेले तसा हाही एक वाटा गेला असता.

मी रिपोर्टची घडी घातली आणि तो त्याच्या मांडीवर ठेवला.

"सांग, दादा," मी म्हटलं. "मले सकाळी सांगितलं, तसंच सांग."

आणि ऐकायला स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.